दप्तर उपलब्ध करून दिले नाही

31 वर्षं मी लोकांच्या कपाटांत डोकावण्याचा पगार घेतला. ग्रामपंचायती, पतसंस्था, दूध डेअऱ्या, शाळांची खिचडी. जिथे म्हणून पैसा येतो आणि जातो, तिथे बसून, आधी चहा नाकारून आणि मग घेऊन, मी वह्या तपासल्या. लेखापरीक्षक दारात दिसला की कार्यालयातला पंखासुद्धा जरा नीट फिरायला लागतो. निवृत्त होऊन जावळी तालुक्यातल्या आमच्या गावच्या घरी राहायला आलो आणि तिसऱ्या महिन्यात लक्षात आलं, की माझ्या येण्यानं दचकणारं आता कुणी उरलेलं नाही. बायकोनं दचकणं फार पूर्वीच सोडलं होतं. किराण्याच्या वहीत मी लाल शाईनं पहिला शेरा मारला, त्या दिवशी तिनं ती वही माझ्यापुढे ठेवली, वहीवर पिशवी ठेवली आणि म्हणाली, "उद्यापासून तुम्हीच आणा."

तेव्हा मी मधमाश्या पाळायचं ठरवलं.

आमच्या भागात हे काही अगदीच वेड्याचं काम नाही. शेजारी महाबळेश्वर, तिथे मध संचालनालय. त्यात 2022 साली महाबळेश्वरजवळचं मांघर देशातलं पहिलं 'मधाचं गाव' ठरलं आणि तेव्हापासून घरामागे जांभळाची दोन झाडं असलेला प्रत्येक माणूस स्वतःला होतकरू मधपाळ समजायला लागला. पेट्यांना 50 टक्के अनुदान मिळतं, उरलेले 50 टक्के आपले. अर्ज भरताना 'लाभार्थीची सही' या रकान्यापाशी माझा हात अडखळला. उभा जन्म त्या रकान्यातल्या सह्यांवर संशय घेण्यात गेलेला. समोर ग्रामसेवक बसले होते. त्यांच्या चेहऱ्यावर जे समाधान पसरलं, त्यावर आक्षेप घ्यायला मला कुठलंच कलम आठवलं नाही.

रंगपंचमीच्या रात्री जीपमधून दोन पेट्या आल्या. रात्रीच का, तर अंधार पडला की सगळ्या माश्या घरी असतात. दिवसा पेटी हलवली तर निम्मा स्टाफ रानात राहायचा. दारांना जाळी ठोकलेली, आतून एक धीरगंभीर घूं ऐकू येत होता. सोबत मधवाले मामा होते. त्यांचं खरं नाव गावात कुणाला आठवत असेल असं वाटत नाही. मामांनी एक पेटी परसात फणसाखाली ठेवली आणि दुसरी ओढ्यापलीकडच्या बांधावर, जांभळाच्या सावलीत. माझ्या गुडघ्याला तो चढ झेपत नाही, हे मी सांगितलं. "माशीला झेपतुय," मामा म्हणाले.

मुंग्या चढू नयेत म्हणून पेटीच्या घोडीचे चारही पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवायचे असतात. दोन घोड्या, आठ पाय, आठ वाट्या. बायकोनं जड मनानं लग्नातल्या स्टीलच्या वाट्या काढून दिल्या, मावशींनी नाव घालून दिलेल्या. आजही फणसाखाली वाकलं की चारही कोपऱ्यांत 'सप्रेम भेट' दिसतं.

माश्या सातेरी जातीच्या. झाडाच्या ढोलीत, वारुळात, बांधाच्या कपारीत राहणारी ही आपल्याकडची माशी. सात पोळी बांधते म्हणून सातेरी, असं मामांनी सांगितलं. मी बॅटरी मारून चौकटी मोजल्या. चार पोळी होती. म्हणजे पहिल्याच रात्री तीनची तूट.

जाताना मामा म्हणाले, "सायेब, आता आठ दिस हात लावू नगा. नवी जागा हाय, रुळू द्या. सांजच्याला साखरंचा पाक ठिवा, बास."

मी 17 तास हात लावला नाही.

पेटी उघडून आत बघता येतं ही सोय तशी अलीकडची. 1851 साली लँगस्ट्रॉथ नावाच्या अमेरिकन धर्मोपदेशकाच्या लक्षात आलं, की पोळं आणि भिंत यांच्यामध्ये साधारण तीन अष्टमांश इंचाची फट ठेवली, तर माश्या ती बुजवत नाहीत, वाट म्हणून मोकळी सोडतात. मग प्रत्येक पोळं चौकटीत बांधून घ्यायचं आणि फाइल काढावी तसं अलगद वर काढायचं. त्याआधी बहुतेक ठिकाणी आत बघायचं म्हणजे पोळं मोडायचं, असाच कारभार होता. पुढे आपल्या सातेरीच्या मापाची लहान पेटी दक्षिणेत फादर न्यूटन यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बनवली. म्हणजे दोन्ही कामं पाद्र्यांची. दुसऱ्याच्या अंतरंगात काय चाललंय हे बघायची हौस धर्मोपदेशकाला आणि लेखापरीक्षकाला सारखीच असावी. फरक एवढाच, की ते क्षमा करतात.

तर दुसऱ्या दिवशी दुपारी मी डोक्यावर जाळीची टोपी घातली, धुराड्यात गोणपाटाचा तुकडा पेटवला आणि झाकण उचललं. आतून एकदम 'स्स्स' असा आवाज आला. एका माशीचा नव्हे, अख्ख्या पेटीचा, एका सुरात. धक्का बसला की सातेरी असा फुत्कार टाकते हे मला नंतर कळलं. त्या क्षणी मात्र मला अतिशय ओळखीचं वाटलं. मी कार्यालयात शिरलो की लेखा शाखेतून हाच आवाज यायचा.

धूर दिला की माश्या शांत होतात, असं सगळे म्हणतात. खरं म्हणजे त्यांना वाटतं रानाला वणवा लागलाय. घर सोडायची वेळ आली तर शिदोरी असावी म्हणून त्या भराभरा पोटात मध भरून घेतात. पोट भरलेला माणूस भांडत नाही, तेच इथे. माझ्या अनुभवात तपासणी पथकाला जेवायला नेत, इथे तपासणीची वर्दी लागताच कर्मचारीच जेवून घेत होते.

आता राणी. प्रत्येक नवशिक्याला राणी बघायची असते. मी चार चौकटी दोन्ही बाजूंनी पाहिल्या, जाळीच्या आत चष्म्यावर धुकं साचलं, मान आखडली, राणी दिसली नाही. वहीत नोंद केली: 'वसाहतप्रमुख प्रत्यक्ष तपासणीवेळी गैरहजर. हजेरीपुस्तक ठेवल्याचे दिसून येत नाही.' फोनवर मामा म्हणाले, "राणी कशापायी हुडकताय? अंडी बघा." मग उन्हाकडे पाठ करून, चौकट तिरपी धरून मी षट्कोनी घरांच्या तळाशी पाहिलं. प्रत्येक घरात एकेक पांढरी बारीक रेघ. सुईच्या टोकाएवढी. पहिल्या दिवशी अंडं तळाशी उभं असतं, मग ते कलतं, तिसऱ्या दिवशी आडवं पडतं आणि अळी बाहेर येते. म्हणजे उभं अंडं दिसलं, की राणी गेल्या चोवीस तासांत इथे येऊन गेलेली आहे. खजिनदार जागेवर नाही, पण पावती आजच्या तारखेची आहे! मला अक्षरशः गहिवरून आलं. इतका निर्मळ पुरावा आमच्या खात्यात मला कधी सापडला नव्हता.

आणि इथेच घोटाळा झाला. पुरावा सापडला की माणसानं पेटी बंद करून घरी जावं. मला तो रोज सापडायला हवा होता.

मी रोज पेटी उघडू लागलो. सकाळी पूजा, मग पेटी. दोनशे पानी वही केली, समास आखले, शेरे मारले. 'चौकट क्र. 3 अपूर्ण. विलंबाचे कारण विचारले असता समाधानकारक खुलासा प्राप्त झाला नाही.' 'परागकणांचा साठा आवक नोंदवहीशिवाय ठेवलेला आढळला.' नरांच्या बाबतीत मी जरा सविस्तर लिहिलं. नराच्या घराचं झाकण फुगीर असतं आणि सातेरीत त्याच्या मधोमध टाचणीनं पाडावं तसं भोक असतं, त्यामुळे नवशिक्यालाही ओळखता येतं. एकदा बाहेर पडला की नर मोहोळात काही म्हणजे काही करत नाही. फुलावर जात नाही, मेण काढत नाही, नांगी नाही म्हणून पहाराही नाही. आयतं खातो आणि दुपारी ऊन बघून राणीच्या शोधात भटकून येतो. टंचाई आली की कामकरी माश्या त्याला दाराबाहेर ढकलतात. मी लिहिलं: 'घरात असून कोणत्याही कामात सहभाग नाही. दिवसभर इकडून तिकडे फिरणे. आहार मात्र वेळेवर. सदर पदाची आवश्यकता तपासावी.' वही ओसरीवर राहिली. बायकोनं वाचली आणि विचारलं, "हे तुम्ही स्वतःहून लिहिलंत?"

किराण्याच्या वहीतही त्याच आठवड्यात लाल शाईची एक ओळ उमटली. अक्षर तिचं. 'साखर पाच किलो जादा. प्रयोजन?' पाकाला लागते, मी म्हटलं. म्हणजे आपण मधासाठी साखर विकत घ्यायची, ती माश्यांना घालायची, मग त्यांनी मध करायचा आणि तो आपण काढून घ्यायचा, असं तिनं एकदा सावकाश बोलून दाखवलं. पाकाचा मध होत नाही, नव्या वसाहतीला पोळं बांधायला तेवढा आधार लागतो, वगैरे मी सांगितलं. चांगल्या सालात एका पेटीतून पाच-दहा किलो मध निघतो, हेही सांगितलं. तिनं जीपचं भाडं, साखर, टोपी आणि आठ वाट्या यांना दहानं भागलं. उत्तर मोठ्यानं वाचलं नाही, हा तिचा मोठेपणा.

पापमोचनी एकादशीला व्हायचं ते झालं. उपास, म्हणून सकाळी दोन केळी खाल्ली आणि तसाच पेटीवर गेलो. मधमाशी डंख मारते तेव्हा इतर माश्यांना धोक्याची सूचना म्हणून एक गंध सोडते, आणि तो गंध पिकल्या केळ्यासारखा असतो. म्हणजे मी तोंडानं धोक्याची घंटा वाजवतच पेटीवर वाकलो होतो. जाळी नाकाला टेकलेली. पहिली माशी नाकाच्या शेंड्यावर, दुसरी वरच्या ओठावर. डंख मारल्यावर नांगी कातडीत अडकते, माशीचं पोट फाटतं आणि ती मरते. तपासणी अधिकाऱ्यावर हल्ला, दोन कर्मचारी जागीच ठार. शेजारच्या नानींनी चुना लावला आणि "माजी एकादस हाय, हसवू नगा," म्हणत तोंडाला पदर लावून बसल्या. ओठ इतका सुजला, की दोन दिवस मला प, फ, ब, भ, म म्हणता येईना. त्यात 'मधमाशी'सुद्धा आलीच.

ओठ उतरायच्या आतच दुसरा प्रसंग. दुपारी तीनची वेळ. ओसरीवरून पाहतो तो पेटीसमोर माश्यांचा ढग! शेकडो माश्या हवेत, पेटीकडे तोंड करून, खाली-वर, खाली-वर. वसाहत पळाली! उठलेलं मोहोळ खाली बसवायला माती फेकतात, पाणी मारतात, थाळ्या वाजवतात, एवढं लहानपणापासून ऐकलेलं. मी स्वयंपाकघरातून ताट आणि पळी घेऊन धावलो आणि सबंध ताकदीनं वाजवायला लागलो. ओठ सुजलेला, धोतर खोचलेलं. वाडीतली पोरं जमली. नानींना वाटलं पुन्हा कसलीतरी साथ आली, म्हणून त्याही दारात येऊन ताट वाजवायला लागल्या. दहा मिनिटांनी माश्या आपापल्या रांगेनं पेटीत गेल्या. त्या पळत नव्हत्याच. कोवळ्या माश्या पहिल्यांदा बाहेर पडतात तेव्हा घराची जागा डोळ्यांत भरून घेण्यासाठी अशा दारासमोर घिरट्या घालतात. बालवाडी सुटली होती, एवढंच.

मामांना बोलावून घेतलं. आले, पण पेटीला हात लावेनात. फणसाच्या मुळीवर बसले, दाराशी टक लावून. पाच मिनिटं गेली. पंधरा गेली. मी धुराडं पेटवून उभा.

"बसा वो सायेब. त्या बघा, ती आली. पायाला काय हाय?"

मागच्या पायांना मोहरीएवढे पिवळे गोळे होते.

"परागकण," मी प्रशिक्षणातलं उत्तर दिलं.

"बाजार करून पिशव्या भरून बाया आत निघाल्यात. म्हंजे घरात ल्येकरं हाईत आन् चूल पेटलीया. आता झाकण काडून भाकरी मोजायच्या न्हाईत."

मग त्यांनी माझी वही मागितली. मला वाटलं शाबासकी देतील. त्यांनी सगळी पानं बोटानं मोजली आणि विचारलं, "एवढ्या बारीला उघडली?" पेटीच्या आत पिल्लांच्या भागात माश्या पस्तिसाच्या आसपास उष्णता राखून असतात. उन्हाळा झाला तर पंख हलवून वारा घालतात, गारठा झाला तर अंग हलवून ऊब करतात. झाकण उघडलं की सगळी घडी विस्कटते, आणि ती पुन्हा बसवण्यात त्यांचा बराच वेळ मोडतो. शिवाय सातेरी मुळातच मानी. इटालियन माशी पुष्कळ सोसते. सातेरीचं बिनसलं तर ती अर्ज देत नाही, नोटीस देत नाही, सरळ उठून जाते. महिन्यात दोन-तीनदा बघितली तरी रग्गड, असं मामांनी बजावलं. मी मान्य केलं. रोजची तपासणी दिवसाआड केली.

ओढ्यापलीकडची पेटी मात्र गुडघ्यामुळे माझ्या कार्यक्षेत्राबाहेरच राहिली. तिकडे गवताला जाणाऱ्या नानींना मी एकदोनदा विचारलं. त्या म्हणाल्या, "गुणगुणत्यात."

इकडे एकादशीच्या आधीपासूनच माझ्या वहीत काही नोंदी होत होत्या, आणि त्या मीच करत होतो. 'उभी अंडी: कमी.' 'उभी अंडी: तुरळक.' 'उभी अंडी: निरंक.' 'मधसाठा: घट.' मी हे सगळं सुवाच्य अक्षरात लिहून, खाली रेघ मारून, पान उलटत होतो. कारण त्या आठवड्यात मला राणी सापडली होती! लांबोडकी, काळसर, अंगानं उतरलेली, लगबगीनं चाललेली. मी आनंदात तिच्या वर्णनाला दीड पान दिलं. अंगानं का उतरली, हा प्रश्न मला पडला नाही. अंडी घालणं थांबवून ती उडण्याइतकी हलकी झाली होती.

हनुमान जयंतीला, देवळातला जन्मकाळ आटोपून घरी आलो. सुंठवडा तोंडात होता. ऊन चढलं आणि पेटीसमोर माश्यांचा ढग उठला. बायको धावत आली, "अहो, बघा!" मी हसलो. आता मी जाणता होतो. तिला ओसरीवर बसवलं आणि समजावून सांगितलं, की या कोवळ्या माश्या, घराची खूण मनात धरतायत, याला घाबरायचं नसतं, अडाणी लोक उगीच ताटं वाजवतात. ढग मोठा झाला. फणसाच्या वर गेला. "पहिल्यांदाच इतक्या उंच," मी कौतुकानं म्हटलं. ढग कौलांवरून वळला आणि दिसेनासा झाला. आम्ही दोघं बराच वेळ रिकाम्या आकाशाकडे बघत होतो.

"कधी येतील?" तिनं विचारलं.

पेटी उघडली. या वेळी स्स्स झालं नाही. चारही पोळी कोरडी. अंडी नाहीत, अळ्या नाहीत, बंद घरं नाहीत, मधाचा थेंब नाही. असलेली पिल्लं पंख फुटेपर्यंत वाढवून, साठा शेवटच्या थेंबापर्यंत खाऊन, मग त्या निघाल्या होत्या. आरंभीची शिल्लक, जमा, खर्च, अखेरची शिल्लक शून्य. इतकं स्वच्छ बंद केलेलं खातं मी 31 वर्षांत पाहिलं नव्हतं. खाली तळपाटावर तेवढा एक नर फिरत होता. त्याला कुणी सांगितलं नसावं.

बांधावरच्या पेटीचं थोडक्यात सांगतो, कारण ते सांगायला मला फारसं आवडत नाही. मामांनी ती मेच्या सुरुवातीला पहिल्यांदा उघडली तेव्हा सात चौकटी भरलेल्या होत्या, सहा नव्हे, आठ नव्हे. वर मधकोठी चढवावी लागली. जांभळाचा मध, जरा तुरट. बायकोनं बाटलीवर तारीख घातली आणि हिशेबाच्या रकान्यात नानींचं नाव लिहिलं.

फणसाखालच्या माश्यांचा मी तपास केला. ढोल्या पाहिल्या, देवराईत जाऊन आलो, पोरांना बक्षीस लावलं. आठ दिवसांनी बायकोलाच दिसल्या. आमच्या मागच्या भिंतीवर शेतीपंपाच्या मीटरची जुनी मोठी लोखंडी पेटी आहे. तिला खालून वायरी जायला जे भोक आहे, त्यातून ये-जा चालली होती. या त्याच माश्या, असं म्हणायला माझ्याकडे कुठलाही पुरावा नाही. पण मी जवळ गेलो तेव्हा आतून 'स्स्स' झालं.

मी धुराडं आणायला वळलो आणि थांबलो. पेटीच्या कडीत तार ओवलेली, तारेला सील. सील तोडणं हा गुन्हा आहे. मी स्वतः अशा तुटलेल्या सिलांवर किती पानं लिहिलीत, ते माझं मला माहीत. साऱ्या शिवारात ढोल्या आहेत, कपारी आहेत, वारुळं आहेत. त्यातून त्यांनी अचूक अशी एकच पेटी निवडली होती, जी मला उघडता येणार नाही.

रीडिंग घ्यायला आलेला मुलगा दहा पावलांवरच थबकला. "काका, हे काय?"

"वसाहत," मी म्हटलं. "काही करत नाहीत. फक्त उघडू नकोस."

त्यानं लांबूनच मोबाइलवर काहीतरी टिपलं आणि मोटारसायकल फिरवली. पुढचं बिल सरासरीनं आलं, खाली बारीक अक्षरांत: रीडिंग उपलब्ध झाले नाही. पूर्वी असा शेरा दिसला असता तर मी खुलासा मागवला असता, तोही सात दिवसांत. बायको माझ्या तोंडाकडे बघत होती. मी बिल भरलं आणि वहीच्या शेवटच्या पानावर चिकटवलं.

सकाळी आठला मी हल्ली मागच्या अंगणात खुर्ची टाकून बसतो. काल एकीच्या पायांना पिवळे गोळे होते. तिच्या पाठोपाठ दुसरी आली, तिच्याही. तिसरी येते का ते बघायला मी जरा पुढे वाकलो, तेवढ्यात मागून बायकोचा आवाज आला, "केळं खाल्लंय तुम्ही. मागे व्हा."